मातीतल्या बुरशीची नवी नोंद : मातीच्या चिमटीपासून वंशवृक्षापर्यंत

एखादी बुरशी एखाद्या प्रदेशात पहिल्यांदाच सापडली असं म्हणायचं, तर दोन गोष्टी दाखवून द्याव्या लागतात. एक, ती नेमकी कोणती जाती आहे. दुसरी, त्या प्रदेशातून तिची आधी नोंद झालेली नाही. दुसरी गोष्ट वाचनाने साधते. पहिलीसाठी मायक्रोस्कोप आणि डीएनए या दोघांची साक्ष लागते आणि ती एकमेकींशी जुळावी लागते. आयटीएस या डीएनएच्या भागाचा एक सिक्वेन्स (बेसचा क्रम) काढून, तो साठ्यातल्या सिक्वेन्सशी ताडणाऱ्या ब्लास्ट या शोधसाधनाच्या यादीत सगळ्यात वर आलेलं नाव उचललं, तर ती ओळख टिकत नाही. नुसत्या बीजाणूंच्या आकारावर दिलेलं नावही टिकत नाही, कारण शेकडो जातींचे बीजाणू गोल, गुळगुळीत आणि तीन मायक्रॉनचे असतात.

या लेखात जीनससाठी 'प्रजाती' आणि स्पीशीजसाठी 'जाती' हे शब्द वापरले आहेत.

माती गोळा करताना

वरचा पालापाचोळा बाजूला सारा आणि ५ ते १५ सेंटिमीटर खोलीवरची माती घ्या. एका जागेवरून एकच नमुना न घेता काही मीटरच्या परिसरातून चार-पाच ठिकाणची माती घेऊन एकत्र करा. खुरपं प्रत्येक जागी ७० टक्के अल्कोहोलने पुसून घ्या. निर्जंतुक पिशवीत २००-३०० ग्रॅम माती पुरेशी होते. पिशवीवर तारीख, अक्षांश-रेखांश, उंची, वरची वनस्पती आणि खोली तिथल्या तिथे लिहा. नव्या नोंदीत अधिवासाची माहिती हा पुराव्याचा भाग असतो आणि ती नंतर आठवून भरता येत नाही. मातीचा सामू प्रयोगशाळेत आल्यावर मोजा. नमुना ४ अंश सेल्सिअसला ठेवा आणि आठवड्याभरात प्लेटवर घाला. जास्त काळ ठेवलेल्या मातीत भराभर बीजाणू करणाऱ्या बुरशांचं प्रमाण वाढत जातं.

माती दुसऱ्या देशातली असेल किंवा संरक्षित क्षेत्रातली असेल, तर परवानगीचे कागद आधी घ्या. जैविक स्रोतांच्या वापराबद्दलचा नागोया करार २०१४ पासून लागू आहे. कागद नसतील तर पुढे संवर्धन (प्रयोगशाळेत वाढवलेली बुरशी) संग्रहात जमा करताना अडकायला होतं.

मातीतून प्लेटवर

सर्वांत रुळलेली पद्धत सिरियल डायल्युशनची. १० ग्रॅम माती ९० मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात घाला. पाण्यात ०.०५ टक्के ट्वीन ८० (साबणासारखं द्रव्य) असू द्या, नाहीतर पाणी न धरणारे बीजाणू पृष्ठभागावर तरंगत राहतात. २०-३० मिनिटं शेकरवर हलवा, मग १ मिलिलिटर ९ मिलिलिटरमध्ये घालत दहा-दहा पटींनी पातळ करत जा. हजार, दहा हजार आणि लाख पट पातळ केलेल्या द्रावणांतून प्रत्येकी ०.१ मिलिलिटर घेऊन तीन-तीन प्लेटवर पसरा. १० ते ५० वसाहती आलेली प्लेट कामाची. त्याहून दाट प्लेटमधून वेगळी बुरशी उचलणं म्हणजे दोन बुरशा एकत्र उचलणं.

माध्यमात जीवाणू रोखणारं औषध हवंच. क्लोरॅम्फेनिकॉल लिटरला १०० मिलिग्रॅम घाला. ते ऑटोक्लेव्हमध्ये टिकतं. स्ट्रेप्टोमायसिन टिकत नाही, म्हणून ते माध्यम ५० अंशांच्या आसपास आल्यावरच मिसळा. ट्रायकोडर्मा, म्यूकर, रायझोपस तीन दिवसांत अख्खी प्लेट व्यापतात. त्यांना आवर घालायला डायक्लोरॅन लिटरला २ मिलिग्रॅम आणि रोझ बेंगॉल २५ मिलिग्रॅम घातलेलं माध्यम वापरा. रोझ बेंगॉलच्या प्लेट अंधारात ठेवा. उजेडात हा रंग बुरशीलाच विषारी ठरतो, आणि मग 'या मातीत काही नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

डायल्युशन पद्धतीचा मोठा दोष असा, की ती भरपूर बीजाणू करणाऱ्यांना झुकतं माप देते. मातीत तंतूंच्या रूपात राहणाऱ्या, हळू वाढणाऱ्या बुरशा तिच्यातून निसटतात, आणि नव्या नोंदी बहुधा त्यांच्यातच दडलेल्या असतात. म्हणून जोडीला निदान एक वेगळी पद्धत ठेवा. वॉरकपची पद्धत सोपी आहे: ५ ते १५ मिलिग्रॅम माती रिकाम्या प्लेटमध्ये पसरा आणि तिच्यावर कोमट, वितळलेलं माध्यम ओता. दुसरा मार्ग उष्णतेचा. मातीचं द्रावण ६० अंशांवर ३० मिनिटं ठेवलं, किंवा माती ६०-७० टक्के अल्कोहोलमध्ये दहाएक मिनिटं भिजवली, की नाजूक बीजाणू मरतात आणि टॅलॅरोमायसिस किंवा अ‍ॅस्परजिलसच्या काही जातींचे चिवट अ‍ॅस्कोबीजाणू (लैंगिक बीजाणू) उरतात. केरॅटिन खाणाऱ्या बुरशांसाठी ओलसर मातीवर निर्जंतुक केसांचे तुकडे पसरून ठेवतात.

प्लेट २५ अंशांवर ठेवा आणि रोज पाहा. चौथ्या दिवशी प्लेटच्या कोपऱ्यात दिसलेली टाचणीच्या डोक्याएवढी पांढरी वसाहत सातव्या दिवशी शेजारणीखाली गडप झालेली असते. दिसली की त्याच दिवशी उचला. हळू वाढणाऱ्यांसाठी काही प्लेट तीन-चार आठवडे जपून ठेवा.

दरवेळी एक-दोन कोऱ्या प्लेट सोबत ठेवा. त्यांच्यावर मातीऐवजी फक्त पातळ करायचं पाणी घाला आणि बाकी सगळं तसंच करा. पेनिसिलियम आणि क्लॅडोस्पोरियमचे बीजाणू हवेतून कुठेही पडतात. कोऱ्या प्लेटवर उगवलेली बुरशी मातीची म्हणून नोंदवली जाण्याचा धोका इथेच टळतो. तीच बुरशी दोन वेगळ्या प्लेटवर किंवा दोन नमुन्यांत सापडली, तर दावा आणखी भक्कम होतो.

शुद्ध संवर्धन

पुढचं सगळं काम या पायरीवर उभं असतं. मिश्र संवर्धनाचे फोटो एका बुरशीचे आणि सिक्वेन्स दुसऱ्या बुरशीचा, असा घोळ एकदा झाला की तो शेवटी वंशवृक्ष काढतानाच उघड होतो, आणि तोवर महिने गेलेले असतात.

बीजाणू करणारी बुरशी असेल तर एका बीजाणूपासून संवर्धन करा. बीजाणूंचं अगदी पातळ द्रावण २ टक्के वॉटर अगारवर रेघा ओढून पसरा आणि १२ ते १८ तास थांबा. स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली प्लेट उलटी धरून खालून उजेड दिला, की अंकुर फुटलेला एकेकटा बीजाणू दिसतो: इवलासा थेंब आणि त्यातून निघालेला बारीक धागा. त्याच्याभोवतीचा अगारचा तुकडा धारदार सुईने कापून नव्या प्लेटवर ठेवा. २४ तास उलटले तर धागे एकमेकांत गुंततात आणि एक बीजाणू कोणता हे सांगता येत नाही. बीजाणू न करणाऱ्या बुरशीसाठी वसाहतीच्या कडेच्या तंतूचं टोक तसंच कापून घ्या.

शुद्ध झाल्याबरोबर जतन करा, ओळख पटेपर्यंत थांबू नका. वारंवार प्लेट बदलत गेलं की बुरशी बीजाणू करणं कमी करते आणि मग आकारविज्ञानासाठी दाखवण्याजोगं काही उरत नाही. तिरक्या नळीवर ४ अंशांना एक प्रत, निर्जंतुक पाण्यात अगारचे तुकडे टाकून दुसरी, आणि १० ते २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना तिसरी, एवढं पुरतं.

इथे एक ताकीद. प्लेट नाकाशी नेऊन हुंगू नका. जुन्या वर्णनांत मॉर्टिएरेलाला लसणासारखा वास येतो असं लिहिलेलं असतं. उघडताना आपसूक जाणवला तर नोंदवा, मुद्दाम घेऊ नका. मातीत अ‍ॅस्परजिलस फ्युमिगॅटस असतोच, आणि काही भागांत त्याहून घातक रोगकारक असतात. ३७ अंशांवर जोमाने वाढणारी अनोळखी बुरशी फक्त जैवसुरक्षा कॅबिनेटमध्येच उघडा.

वसाहतीची नोंद

'पीडीएवर (बटाटा-डेक्स्ट्रोज अगारवर) हिरवी वसाहत' या नोंदीचा उपयोग शून्य. प्रत्येक प्रजातीच्या अभ्यासकांनी ठरवून घेतलेली माध्यमं आहेत, आणि वर्णनं त्याच माध्यमांवरची असल्यामुळे तुलना तिथेच होते. पेनिसिलियम, टॅलॅरोमायसिस आणि अ‍ॅस्परजिलससाठी झापेक यीस्ट अगार, माल्ट अगार, यीस्ट-सुक्रोज अगार आणि क्रिएटिन अगार. ट्रायकोडर्मासाठी पीडीए, कॉर्नमील-डेक्स्ट्रोज अगार आणि कमी पोषकांचं एसएनए. फ्युजेरियमसाठी पीडीए, एसएनए आणि कार्नेशनच्या पानांचं अगार. फ्युजेरियमचे मोठे, कोयत्याच्या आकाराचे कोनिडिया (अलैंगिक बीजाणू) पानाच्या तुकड्यांवर जसे एकसारखे येतात तसे पीडीएवर येत नाहीत.

९ सेंटिमीटरच्या प्लेटमध्ये २० ते २५ मिलिलिटर माध्यम घ्या. पेनिसिलियमसाठी तीन ठिकाणी टिपका ठेवायचा, २५ अंश, अंधार, ७ दिवस. झापेक यीस्ट अगारच्या जादा प्लेट ३० आणि ३७ अंशांवरही ठेवा. बीजाणू कोरडे उचलून ठेवले तर ते उडून सगळीकडे बारक्या वसाहती उगवतात आणि व्यास मोजता येत नाही. म्हणून ०.२ टक्के अगार आणि ०.०५ टक्के ट्वीन ८० यांच्या अर्धवट घट्ट द्रावणात बीजाणू मिसळून त्याचा एकेक मायक्रोलिटर ठेवा.

दोन चुका फार आढळतात. पहिली, झापेक यीस्ट अगारमध्ये तांबं आणि जस्त न घालणं. कॉपर सल्फेट ०.५ ग्रॅम आणि झिंक सल्फेट १ ग्रॅम १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून त्यातलं १ मिलिलिटर दर लिटर माध्यमाला घाला. ही मूलद्रव्यं कमी पडली की कोनिडियाचा हिरवा रंग फिका किंवा पिवळट उतरतो आणि वर्णनाशी काहीच जुळत नाही. दुसरी चूक, प्लेटला पॅराफिल्म घट्ट गुंडाळणं. हवा कोंडली की बीजाणू कमी येतात आणि रंग बदलतो.

सात दिवसांनी व्यास, पोत, वरचा रंग, कडेचा रंग, मागचा रंग, माध्यमात उतरलेलं रंगद्रव्य आणि वर जमलेले थेंब नोंदवा. पोत म्हणजे मखमली, लोकरी, दोरीसारखा की दाणेदार. रंग मनाने न लिहिता रंगतक्त्याशी ताडून लिहा. क्रिएटिन अगारवर दोन गोष्टी वेगवेगळ्या पाहायच्या: वाढ कितपत आहे, आणि जांभळं माध्यम पिवळं पडलं का. पिवळं पडलं म्हणजे आम्ल तयार झालं. फोटो पुढून आणि मागून दोन्हीकडून, एकाच उजेडात, एकाच अंतरावरून घ्या.

मायक्रोस्कोपखाली

पेनिसिलियम आणि अ‍ॅस्परजिलससाठी माल्ट अगारवरच्या ७ ते १० दिवसांच्या वसाहतीतून नमुना घ्या, पण मधून नाही. मध्यभागी कोनिडिया इतके असतात की खालची रचना झाकली जाते. केंद्र आणि कड यांच्या मधल्या भागातून सुईने अगदी थोडं उचला, ६० टक्के लॅक्टिक आम्लाच्या थेंबात ठेवा, ७० टक्के अल्कोहोलचा एक थेंब सोडून जादा बीजाणू धुऊन टाका, पुन्हा लॅक्टिक आम्ल घाला आणि कव्हरस्लिप ठेवा. अल्कोहोल हवेचे बुडबुडेही घालवतं. रंगहीन, नाजूक रचनांसाठी लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू चांगला. कोनिडियाच्या साखळ्या अखंड पाहायच्या असतील तर स्लाइड कल्चर करा: स्लाइडवर अगारचा लहान चौकोन, चारही कडांना बुरशी, वर कव्हरस्लिप आणि खाली ओला फिल्टर पेपर. साखळ्या मोजमापासाठी नसतात, पण त्या सरळ आहेत की वेड्यावाकड्या, हे ओळखीला उपयोगी पडतं.

मोजण्याआधी आयपीसमधली पट्टी स्टेज मायक्रोमीटरवर ताडून घ्या. स्टेज मायक्रोमीटरचा प्रत्येक भाग १० मायक्रॉनचा असतो. समजा ४०एक्सच्या भिंगाखाली आयपीसचे ४० भाग स्टेजच्या १० भागांवर बरोबर बसले, तर ४० भाग म्हणजे १०० मायक्रॉन आणि एक भाग २.५ मायक्रॉन. म्हणजे तीन मायक्रॉनचा कोनिडियम ४०एक्सवर मोजणं निरर्थक आहे. तिथे १००एक्सचं तेलातलं भिंगच हवं. प्रत्येक भिंगासाठी हे गणित वेगळं करावं लागतं, आणि कॅमेरा बदलला तर पुन्हा.

कोनिडिया निदान ५० मोजा, फियालाइड (बीजाणू सोडणाऱ्या पेशी) आणि दांडे निदान ३०. लांबी आणि रुंदी दोन्ही घ्या, कारण त्यांचं गुणोत्तर 'गोल' आणि 'किंचित लंबगोल' यांतला वाद मिटवतं. साध्या प्रकाशाच्या मायक्रोस्कोपची ताकद सुमारे ०.२ मायक्रॉनपर्यंतच असते. त्यामुळे सरासरी २.८७३ लिहिण्यात अर्थ नाही, २.९ लिहा.

आता एक जोडी जवळून पाहू, कारण मातीत ती सतत भेटते. पेनिसिलियम आणि टॅलॅरोमायसिस. दोघांच्याही दांड्याच्या टोकाला कुंचला असतो, आणि २०११ पर्यंत टॅलॅरोमायसिसच्या बऱ्याच जाती पेनिसिलियममध्येच धरल्या जात. कुंचल्याच्या खालच्या बोटांना मेट्युला म्हणतात आणि वरच्या, बीजाणू सोडणाऱ्या पेशींना फियालाइड. टॅलॅरोमायसिसमध्ये मेट्युला आणि फियालाइड जवळपास सारख्या लांबीचे असतात, कुंचला सममित दिसतो, आणि फियालाइड भाल्याच्या पात्यासारखा हळूहळू निमुळता होत जातो. पेनिसिलियमचा फियालाइड मात्र कुपीसारखा: पोट फुगीर आणि मान एकदम आखूड. हा फरक फोकस वर-खाली करत एकेका फियालाइडची कडा डोळ्यांनी गिरवली तरच पटतो, कमी भिंगावर दोन्ही सारखेच वाटतात. जोडीला वसाहत पाहा. पिवळे तंतू आणि माध्यमात उतरलेला लाल रंग दिसला तर टॅलॅरोमायसिसची शक्यता वाढते, पण तेवढ्यावर शिक्का मारू नका.

अ‍ॅस्परजिलसमध्ये फुगीर टोकाचा आकार, आणि फियालाइड थेट त्यावर आहेत की मध्ये मेट्युलांची रांग आहे, हे पाहा. म्यूकरसारख्यांत तंतूंना आडपडदे आहेत का, बीजाणूपिशवीच्या आत घुमट आहे का, मुळांसारखे धागे कुठून फुटतात, हे पाहा. ट्रायकोडर्माचे फियालाइड, त्यांचा कोन आणि ३५ अंशांवर वाढ होते की नाही, हे नोंदवा, पण जातीपर्यंत पोचण्याची अपेक्षा ठेवू नका. तिथे आकारविज्ञान फारच लवकर थांबतं.

डीएनए काढणं

चांगला डीएनए कोवळ्या, पांढऱ्या तंतूंतून मिळतो. द्रव माध्यमात ३ ते ५ दिवस वाढवा, गाळा, टिपून कोरडं करा आणि ५० ते १०० मिलिग्रॅम घ्या. दोन आठवड्यांच्या काळ्या-हिरव्या प्लेटवरून खरवडलेल्या मालात मेलॅनिन आणि शर्करांचे चिकट पदार्थ असतात, आणि तेच पुढे पीसीआर (डीएनएच्या हव्या तुकड्याच्या प्रती वाढवणारी प्रक्रिया) बंद पाडतात.

बुरशीची पेशीभित्ती कायटिनची असते, म्हणून ती आधी भौतिक ताकदीने फोडावी लागते: द्रव नायट्रोजनमध्ये कुटून किंवा मण्यांच्या यंत्रात. त्यानंतर किट वापरा किंवा सीटॅब हे डिटर्जंट. २ टक्के सीटॅब, ६५ अंश, ३० ते ६० मिनिटं. मग २४:१ क्लोरोफॉर्म-आयसोअमिल अल्कोहोल, सेंट्रिफ्यूज, वरचा थर वेगळा, त्यात ०.६ ते ०.७ पट आयसोप्रोपॅनॉल, ७० टक्के अल्कोहोलने धुणं आणि शेवटी ५० मायक्रोलिटर बफर. २६० आणि २८० नॅनोमीटरचं गुणोत्तर १.८ ते २.० च्या दरम्यान हवं.

पीसीआरला बँडच आला नाही तर बहुतेक जण डीएनए वाढवतात. उलट करा. दहापट पातळ करून पाहा. डीएनए बहुधा पुरेसा असतो, त्याच्यासोबत आलेले अडथळे जास्त झालेले असतात. त्यानेही भागलं नाही तर मिश्रणात बीएसए (अडथळे बांधून ठेवणारं प्रथिन) घाला.

कोणतं जनुक वाचायचं

आयटीएस हा भाग २०१२ मध्ये बुरशांचा अधिकृत बारकोड म्हणून मांडला गेला. सुरुवात त्यानेच करा. आयटीएस१एफ किंवा आयटीएस५ आणि आयटीएस४ ही प्रायमरची (कोणता तुकडा वाढवायचा ते ठरवणाऱ्या छोट्या डीएनए-तुकड्यांची) जोडी बहुतेक बुरशांत चालते आणि सहसा ५०० ते ७०० बेसचा तुकडा देते. त्यावरून प्रजाती आणि बऱ्याचदा तिचा विभाग (प्रजातीतला जवळच्या जातींचा गट) कळतो. जातीसाठी दुसरं जनुक लागतं, आणि ते प्रजातीनुसार ठरतं.

पेनिसिलियम आणि टॅलॅरोमायसिससाठी बीटा-ट्युब्युलिन, बीटी२ए आणि बीटी२बी प्रायमर. अ‍ॅस्परजिलससाठी कॅल्मोड्युलिन. तिथे बीटा-ट्युब्युलिनचे प्रायमर कधी कधी त्याच्या भावंड जनुकाला चिकटतात आणि सिक्वेन्स दिसायला स्वच्छ पण चुकीचा येतो. ट्रायकोडर्मासाठी टेफ१ आणि आरपीबी२ दोन्ही. फ्युजेरियमसाठी टेफ१, जोडीला आरपीबी२. फ्युजेरियमच्या काही जातींत आयटीएसच्या दुसऱ्या भागाच्या एकमेकींपासून वेगळ्या दोन प्रती असतात, त्यामुळे तिथे आयटीएसवर जातीचा निर्णय करणं धोक्याचं. मॉर्टिएरेला आणि तिच्या नातेवाइकांसाठी आयटीएससोबत एलएसयू घ्या.

पीसीआर २५ मायक्रोलिटरचा पुरतो. ९५ अंशांवर ५ मिनिटं; मग ३५ चक्रं, प्रत्येकी ९४ अंश ३० सेकंद, ५५ अंश ४५ सेकंद, ७२ अंश १ मिनिट; शेवटी ७२ अंशांवर ७ मिनिटं. आरपीबी२ जरा हट्टी असतं. त्याला ५० अंशांची ५ चक्रं, ५२ ची ५ आणि ५५ ची ३० असं चढत जाणारं तापमान द्या. डीएनए नसलेली नळी प्रत्येक वेळी लावा, आणि तिच्यात बँड आला तर अख्खी खेप टाकून द्या.

सिक्वेन्स डोळ्यांनी वाचा

दोन्ही बाजूंनी सिक्वेन्स करून घ्या आणि क्रोमॅटोग्राम (सिक्वेन्सचा शिखरांचा आलेख) स्वतः उघडा. सुरुवातीचे ३०-४० बेस आणि शेवटचा विस्कटलेला भाग कापा. जिथे दोन शिखरं एकमेकांवर आहेत तिथे थांबा. एखाद-दुसऱ्या जागी असतील तर आयटीएसच्या प्रतींतला खरा फरक असू शकतो. एका बिंदूपासून पुढे सगळीकडेच दुहेरी शिखरं असतील, तर प्रतींच्या लांबीत एक-दोन बेसचा फरक आहे. आणि अगदी पहिल्यापासून सगळं दुहेरी असेल, तर संवर्धन मिश्र आहे. परत एका बीजाणूपासून सुरुवात करा.

आरपीबी२ चा वाचलेला तुकडा जवळपास सगळा प्रथिन बनवणारा भाग असतो. तो अमिनो आम्लांत भाषांतरित करून पाहा. मध्येच थांबण्याचा संकेत आला किंवा एक-दोन बेस जास्त-कमी निघाले, तर वाचताना चूक झाली आहे. ही दोन मिनिटांची तपासणी पुढची मोठी फजिती वाचवते.

ब्लास्ट आणि वंशवृक्ष

ब्लास्टमध्ये शोध टाइप नमुन्यांच्या सिक्वेन्सपुरता मर्यादित ठेवा. तशी सोय तिथे आहे. टाइप म्हणजे ज्या नमुन्यावर जातीचं नाव बांधलेलं आहे तो. सार्वजनिक साठ्यांत चुकीच्या नावाने जमा केलेले सिक्वेन्स खूप आहेत. त्यांच्याशी शंभर टक्के जुळणं म्हणजे दुसऱ्याच्या चुकीशी शंभर टक्के जुळणं. आयटीएससाठी युनाइट हा साठाही पाहा.

टक्का वाचण्याआधी सिक्वेन्सचा किती भाग जुळवला गेला ते पाहा. ४० टक्के लांबीवरचं ९९ टक्के साम्य कामाचं नाही. आणि टक्क्यांचं बेसमध्ये रूपांतर करा: ५५० बेसमध्ये ३ बेस वेगळे असले तर साम्य ९९.४५ टक्के येतं. त्या तिनांपैकी दोन जर कापायला हव्या असलेल्या शेपटीत असतील, तर खरा फरक एकाच बेसचा आहे. पेनिसिलियममध्ये एकच आयटीएस सिक्वेन्स अनेक जातींच्या टाइपशी तंतोतंत जुळताना दिसेल. त्यात चूक काही नाही, आयटीएसची धाव तेवढीच आहे. '९७ टक्क्यांच्या वर म्हणजे तीच जाती' हा नियम इथे लावू नका. ट्रायकोडर्मासाठी २०२१ मध्ये सुचवलेली मोजपट्टी जास्त नेमकी आहे: टाइपशी आरपीबी२ निदान ९९ टक्के आणि टेफ१ निदान ९७ टक्के जुळायला हवं, आणि दोन्ही अटी एकत्र पुऱ्या व्हायला हव्यात.

निर्णय मात्र वंशवृक्षावर करा. त्यात ब्लास्टचे पहिले दहा घेऊन भागत नाही. त्या विभागातल्या सगळ्या मान्य जातींचे टाइप सिक्वेन्स घ्या, आणि बाह्यगट (तुलनेसाठी बाहेरची जाती) म्हणून शेजारच्या विभागातली एक जाती. माफ्ट या प्रोग्रॅमने सिक्वेन्सची जुळवणी करा आणि ती नजरेखालून घाला. तुमचा सिक्वेन्स झाडावर विचित्र लांब फांदीवर गेला असेल, तर सर्वप्रथम तो उलटा तर टाकला नाही ना ते पाहा. प्रत्येक जनुकाचं झाड वेगळं काढा, त्यांची तुलना करा आणि मगच जनुकं जोडा. आयटीएसमध्ये एका जातीजवळ आणि टेफ१मध्ये दुसऱ्याच जातीजवळ, असं दिसलं तर बहुधा नळ्यांची अदलाबदल झालेली असते. साधा बूटस्ट्रॅप (फांदी पुन्हा पुन्हा किती टक्के वेळा तशीच येते तो आकडा) ७० च्या वर, आयक्यू-ट्री या प्रोग्रॅमचा वेगवान बूटस्ट्रॅप ९५ च्या वर आणि बेझियन संभाव्यता ०.९५ च्या वर असेल, तर ती फांदी विश्वासार्ह धरतात.

नवी नोंद की नवी जाती

तुमचं संवर्धन टाइपसोबत भक्कम आधाराच्या फांदीवर बसलं आणि आकारविज्ञान मूळ वर्णनाशी जुळलं, की जाती ठरली. मोजमापात थोडा फरक चालतो. कोनिडिया अर्धा मायक्रॉन मोठे असतील तर तसं लिहा, लपवू नका. पुढच्याला जातीतली विविधता त्यातूनच कळते. पण डीएनए जुळतो आणि टाइपचे बीजाणू काटेरी असताना तुमचे गुळगुळीत आहेत, असं असेल तर कुठेतरी चुकलं आहे. परत तपासा. उलट, वेगवेगळ्या जनुकांच्या झाडांत तुमचं संवर्धन सातत्याने एकटंच वेगळ्या फांदीवर बसत असेल, तर कदाचित ती नवी जाती आहे, आणि तिचं काम वेगळं. त्यासाठी शक्यतो एकाहून अधिक संवर्धनं, चयापचय थांबवून जतन केलेला टाइप आणि १ जानेवारी २०१३ पासून सक्तीचा झालेला नोंदणी क्रमांक लागतो.

आधी नोंद नाही हे तपासताना आजचं एकच नाव शोधू नका. सगळी समानार्थी नावं शोधा. पॅसिलोमायसिस लिलॅसिनस आता पर्प्युरिओसिलियम लिलॅसिनम आहे, अ‍ॅब्सिडिया कोरिम्बिफेरा आता लिच्टहायमिया कोरिम्बिफेरा. मॉर्टिएरेलाच्या २०२० च्या फेरमांडणीत मॉर्टिएरेला एलाँगाटा ही लिनेमानिया एलाँगाटा झाली. त्या प्रदेशाच्या जुन्या याद्यांत ती बुरशी जुन्या नावाने बसलेली असू शकते. मायकोबँक आणि इंडेक्स फंगोरम या बुरशांच्या नावांच्या दोन्ही साठ्यांतून नावांची यादी काढा आणि प्रत्येक नावाने याद्या चाळा.

जुनी नोंद सापडली, पण तिच्यामागे ना संवर्धन ना सिक्वेन्स, तर 'पहिली नोंद' म्हणू नका. 'डीएनएने सिद्ध झालेली पहिली नोंद' म्हणा. तसंच मातीतल्या एकूण डीएनएच्या अभ्यासात तिचा सिक्वेन्स त्या प्रदेशातून आधी मिळालेला असेल, तर तो उल्लेख करा आणि आपली नोंद संवर्धनावर आधारित पहिली आहे असं स्पष्ट लिहा.

लेख पाठवण्याआधी संवर्धन शक्य तर दोन सार्वजनिक संग्रहांत, वाळवलेली प्लेट हर्बेरियममध्ये आणि प्रत्येक जनुकाचा सिक्वेन्स जेनबँक या सार्वजनिक साठ्यात जमा करा, आणि तिन्हींचे क्रमांक लेखात द्या. चित्रफलकात प्रत्येक माध्यमावरची वसाहत पुढून-मागून, दांडे, फियालाइड आणि कोनिडिया हवेत, आणि मायक्रोस्कोपखालच्या प्रत्येक चित्रावर मापपट्टी. 'मूळ चित्र १००० पट मोठं' असं लिहिलेलं चालत नाही, कारण छपाईत आकार बदलतो आणि पट्टी चित्रासोबतच लहान-मोठी होते.